केएसपी : व्हीटीओएल उठताना सरळ, उतरताना नाक टाकतंय. काय करू?

जुळे_सोलापूर_पायलट :

राम राम मंडळी, इथं कर्बल स्पेस प्रोग्रॅम (केएसपी, रॉकेट-विमानं बनवून उडवायचा कॉम्प्युटर गेम) खेळणारं कोण आहे का? आमच्या कट्ट्यावर सगळे क्रिकेट नाहीतर पबजीवाले, सेंटर ऑफ मास म्हणलं की चहा अर्धा टाकून उठतात.

तर विषय असा की मी एक उभं उठणारं, उभंच उतरणारं विमान (व्हीटीओएल) बनवलंय. व्हर्जन १.१२, मॉड एकपण नाही, डीएलसी (जादा विकत घ्यायचा भाग) नाही, सँडबॉक्स (सगळे पार्ट पहिल्यापासून मोकळे). पुढं एमके१ कॉकपिट, त्याच्या मागं एमके१ क्रू केबिन (दोन पॅसेंजर बसतात, सोलापूर-गोवा शटल समजा), मग ४०० युनिटची लिक्विड फ्युएलची टाकी फुल्ल भरलेली, आणि शेपटीला एक पँथर (मोठं जेट इंजिन). पंखांच्या बुडाशी खाली तोंड करून चार जुनो (छोटी जेट इंजिनं), दोन पुढं दोन मागं. सगळं मिळून साडेसात टन दाखवतंय.

उठतंय एकदम मस्त. एसएएस (आपोआप तोल धरणारी यंत्रणा) लावलं की हात सोडला तरी हलत नाही. वर गेल्यावर पँथर चालू करून किनाऱ्यावरनं एक मोठी फेरी मारतो, परत येतो आणि व्हीएबीच्या (रॉकेट जोडायच्या उंच इमारतीच्या) छतावर ते हेलिपॅड आहेत ना, तिथं उतरायचं म्हणून जुनो चालू करतो. इथनं नाटक सुरू. नाक हळूहळू खाली जातं, एसचं बटण दाबून धरलं तरी वर येत नाही, नाक खाली म्हणून विमान पुढं पळायला लागतं आणि छत मागं राहतं. तेच विमान, तीच इंजिनं, तासाभरापूर्वी त्याच जागेवर अगदी शांत उभं होतं. हेच डोक्यात जातंय.

रिॲक्शन व्हील (विमान वळवणारी आतली चाकं) वाढवू का अजून दोन जुनो लावू? आणि उभ्यातनं आडव्यात जाताना नेमकं कधी जुनो बंद करायचे, त्याचा पण काही अंदाज येत नाही. लॅपटॉप आय३ आहे, ८ जीबी, त्यात आपल्याकडचा मे महिना, दुपारी गेम चालू केला की कीबोर्डवर हात ठेववत नाही. त्यामुळं जड मॉड सांगू नका प्लीज.


कडक_भाकरी :

सोलापुरात व्हीटीओएल उशिराच आलं बे. २०२३ च्या आधी आलं असतं तर होटगी रोडच्या विमानतळापायी साखर कारखान्याची चिमणी पाडायची वेळच आली नसती, आंदोलनं पण वाचली असती. सरळ वर, चिमणीच्या डोक्यावरनं, की गोवा.

उत्तर माझ्याकडं नाही, मी मूनवर आपटण्यापुरता खेळतो. थ्रेड फॉलो करूलालो.


शेंगाचटणी_आणि_डेल्टाव्ही :

जुनो वाढवू नकोस आणि व्हील तर अजिबातच नको. आधी एवढं कर. स्पेसप्लेन हँगरमध्ये विमान उघड आणि तिन्ही गोळे चालू कर, पिवळा वजनाच्या मध्याचा, जांभळा थ्रस्टचा (इंजिनांच्या जोराचा), निळा लिफ्टचा (पंखांच्या उचलीचा). पँथरचा थ्रस्ट लिमिटर तेवढ्यापुरता शून्यावर ने, नाहीतर जांभळा गोळा पँथरला पण हिशोबात धरतो, बाण तिरका दिसतो आणि त्यातनं घंटा काही कळत नाही. आता टाकीवर राइट क्लिक करून इंधनाचा स्लायडर हळूहळू शून्याकडं ओढत जा आणि नजर फक्त पिवळ्या गोळ्यावर ठेव. पुढं सरकला ना? गोम तिथंच आहे.

तुझी टाकी पँथरला चिकटून आहे म्हणजे वजनाच्या मध्याच्या मागं आहे. समजा टाकीचा मध्य एक मीटर मागं धरला. लिक्विड फ्युएलचं एक युनिट ५ किलोचं, म्हणजे ४०० युनिट दोन टन. फेरी मारून परत येईपर्यंत अर्धी टाकी संपली म्हणजे शेपटीकडनं एक टन गेलं, विमान साडेसहा टनाचं राहिलं आणि वजनाचा मध्य जवळजवळ १५ सेंटिमीटर पुढं आला. जुनो आहेत तिथंच आहेत. हवेत नुसतं उभं राहायला तुला ६४ किलोन्यूटन थ्रस्ट लागतोय आणि तो थ्रस्ट आता मध्याच्या १५ सेंटिमीटर मागनं वर ढकलतोय, म्हणजे शेपटी उचलतोय. गुणाकार कर, १० किलोन्यूटन-मीटरच्या आसपास येतो. छोटं इनलाइन रिॲक्शन व्हील ५ देतं. म्हणजे दोन व्हील लावली तरी ती नुसती नाक धरून ठेवण्यातच संपणार, तुला चालवायला काय उरणार? आणि टाकी अजून रिकामी झाली की ती पण पुरायची नाहीत. उठताना एसएएसला काही कामच नव्हतं म्हणून तुला वाटलं एसएएस लय भारी आहे.

हे उडतानाच कळतं बरं का, नाक पडायची वाट बघायची गरज नाही. स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात पिच-रोल-यॉचे छोटे काटे असतात, बहुतेक लोक तिकडं बघतच नाहीत. हवेत शांत उभा असशील तेव्हा पिचचा काटा मधोमध पाहिजे. तो एका बाजूला सरकत सरकत टोकाला चाललाय म्हणजे एसएएस ताकद लावून धरतंय, टोकाला टेकला की संपलं. मी तर काटा अर्ध्याच्या पुढं गेला की उतरायला घेतो.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे टाकी अर्धीच भर. चार जुनो फुल थ्रॉटलवर मिळून सेकंदाला पाव युनिट पितात, २०० युनिटमध्ये तेरा मिनिटं नुसतं तरंगता येतं, तुला व्हीएबीच्या छतावर जायला ४०० कशाला पाहिजेत? वजन पण साडेसहा टन होतं, त्याबद्दल खाली सांगतोच. पण खरा उपाय म्हणजे ही टाकी काढूनच टाक आणि इंधन वजनाच्या मध्यावर आण. एमके० च्या बारक्या टाक्या असतात, ५० युनिटच्या, त्या चार घे आणि केबिनच्या दोन्ही अंगाला अशा चिकटव की भरलेल्या असताना आणि रिकाम्या असताना पिवळा गोळा जागेवरनं हलला नाही पाहिजे. टाकी मधनं गेली की पँथर पुढं येईल, मध्य बदलेल, म्हणून क्रम लक्षात ठेव, आधी टाक्या बसवून गोळा स्थिर करायचा आणि मग त्या गोळ्याच्या पुढं-मागं सारख्या अंतरावर जुनो. उलटं केलंस की दर वेळी जुनो काढून लावत बसशील.

थ्रस्ट लिमिटरनं पुढचे-मागचे जुनो ॲडजस्ट करता येतात, लोक पहिल्यांदा तेच सांगतात, पण त्याची किंमत बघ. पुढचे जुनो दोन मीटरवर आणि मागचे दीड मीटरवर असतील तर तोल साधायला पुढचे ७५ टक्क्यांवर आणावे लागतात. म्हणजे ८० किलोन्यूटनचे झाले ७०. साडेसात टनाला उचलायलाच साडेत्र्याहत्तर लागतात. जमिनीवरनंच उठायचं नाही. जुनो ऑफसेटनं सरकव, लिमिटर शेवटच्या एक-दोन टक्क्यांपुरता ठेव.

आणि तुझा टीडब्ल्यूआर, म्हणजे थ्रस्ट भागिले वजन. भरलेल्या टाकीवर ८० भागिले ७३.६, म्हणजे १.०९. हे उठायला पुरतं, उतरायला नाही. सेकंदाला १० मीटरनं खाली येत असशील आणि फुल थ्रॉटल दिलास तर थांबायला ५८ मीटर लागतात, त्यात जुनोला फिरून वर यायला वेळ लागतो तो वेगळाच. शिवाय विमान २३ अंशाच्या पुढं कललं की फुल थ्रॉटलवरसुद्धा खालीच येणार. १.२५ च्या खाली व्हीटीओएल बनवूच नये असं माझं मत आहे, १.४ असेल तर झोप पण लागते.


जुळे_सोलापूर_पायलट :

भावा हात जोडले. स्लायडर ओढला, गोळा पुढं सरकला, अगदी तू सांगितलास तसा. मी सगळा वेळ इंजिनांकडंच बघत होतो. एमके० च्या चार टाक्या लावतो, रात्री लाइट राहिली तर आजच.

पण मग पँथर ठेवू का काढू? चार जुनो आणि वर एक पँथर म्हणजे कायम एक सेट फुकटच वाहत नेतोय असं वाटायला लागलंय.


निवृत्त_फिटर :

तुमच्या मनात आलेला प्रश्न खऱ्या विमानवाल्यांनाही छळत होता. रशियाच्या याक-३८ मध्ये पायलटच्या मागं दोन वेगळी लिफ्ट इंजिनं उभी बसवलेली होती, उठताना आणि उतरताना चालवायची, बाकी सगळा वेळ त्यांचं ओझं वाहायचं. तुमचं विमान त्याच घराण्यातलं. जर्मनीच्या डॉर्नियर डीओ-३१ ला तर आठ लिफ्ट जेट होते, शिवाय दोन पेगासस इंजिनं.

ब्रिटिशांनी हॅरियरमध्ये ते टाळलं. एकच पेगासस इंजिन, त्याचा झोत चार नळकांड्यांतून बाहेर, आणि ती नळकांडी वजनाच्या मध्याच्या भोवती. पायलटच्या हातात थ्रॉटलशेजारी दुसरा दांडा, त्यानं नळकांडी फिरवायची. हवेत उभं असताना पंखावरचे फ्लॅप निरुपयोगी, म्हणून इंजिनातली दाबाची हवा नाकाला, शेपटीला आणि पंखांच्या टोकांना नेऊन तिथून सोडायची आणि तोल धरायचा. आपल्या नौदलाकडं सी हॅरियर १९८३ पासून २०१६ पर्यंत होती, आधी विक्रांतवरनं आणि मग विराटवरनं उडायची. गेममध्ये नाकावर आणि शेपटीवर आरसीएसचे (बारीक झोत सोडणारे) ठोकळे लावता ना, ते काम तेच. आरव्ही-१०५ ठोकळ्याचं एक तोंड १ किलोन्यूटन देतं, साडेतीन मीटर लांब लावलंत तर साडेतीन किलोन्यूटन-मीटर, शेपटीचं धरून सात. व्हीलपेक्षा हे बरं, फक्त मोनोप्रोपेलंट (त्यांचं इंधन) संपतं त्याकडं लक्ष ठेवा.

गेममध्ये हॅरियरसारखं करायचं तर ब्रेकिंग ग्राउंड डीएलसीमधले हिंज लागतात, त्यावर इंजिन बसवून फिरवायचं. तुमच्याकडं ते नाही, आणि असलं तरी हिंजवर जड इंजिन लटकवलं की लचकतं, फिरणाऱ्या भागाला ऑटोस्ट्रट (भाग घट्ट बांधायची सोय) नीट धरत नाही. तुमच्या लॅपटॉपला तो ताप नको.


कडक_भाकरी :

काका तुम्ही खरंच फिटर का स्क्वाड्रनमध्ये होता 🙏


सातरस्ता_सिग्नल :

काकांनी एक राहिलं, तिसरा रस्ता, टेल-सिटर. जुनो सगळे काढ, पँथर एकच, विमान शेपटीवर उभं करायचं आणि रॉकेटसारखं सोडायचं. अमेरिकेच्या रायन एक्स-१३ नं ११ एप्रिल १९५७ ला उभं उठून, आडवं उडून, परत उभं उतरून दाखवलं होतं. खऱ्या आयुष्यात ते चाललं नाही, कारण उतरताना पायलट पाठीवर आडवा आणि जमीन दिसत नाही. गेममध्ये कॅमेरा बाहेर असतो, तो प्रॉब्लेमच नाही. पँथर आफ्टरबर्नरवर १३० किलोन्यूटन देतो, तुझं विमान जुनो काढल्यावर सहा टनाच्या आत बसेल, दोनच्या वर टीडब्ल्यूआर. आणि पँथरचं तोंड हलतं, म्हणजे तोल धरायला वेगळं काही नको. थ्रस्ट आपोआप मध्यातनं जातो, इंधन कितीही संपू दे, कारण टाकी आणि इंजिन एकाच रेषेत. फक्त पाय रुंद पाहिजेत, नाहीतर टेकल्यावर आडवं पडतं.

पण तुला पॅसेंजर पाहिजेत आणि हेलिपॅड पाहिजे, म्हणून पँथर आणि जुनो दोन्ही ठेव, मी त्याच्याबद्दल सांगतो. उडवायचं कसं हे कोणी बोललंच नाही अजून.

पहिलं, कंट्रोल. कॉकपिटाच्या मागं, वजनाच्या मध्याजवळ, एक प्रोब कोर (बिनपायलटचा कंट्रोल बॉक्स) वर तोंड करून लाव. उठताना-उतरताना त्याच्यावर राइट क्लिक करून कंट्रोल फ्रॉम हिअर, आडवं उडताना परत कॉकपिटवर. प्रोबवरनं चालवलंस की नेव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) लँडरसारखा दिसतो, वर म्हणजे वर. मग सरफेस मोडमध्ये एसएएसचं रेडियल आउट लावलंस की विमान आपलं आपण सरळ आभाळाकडं बघत राहतं. करिअर मोडमध्ये सगळ्या प्रोबना हे येत नाही, घ्यायच्या आधी बघून घे. काही लोक रेट्रोग्रेड (चाललोय त्याच्या उलट दिशेला तोंड) लावून उतरतात, आडवा वेग आपोआप मरतो म्हणून. चालतं, पण फक्त खाली येत असतानाच. थ्रॉटल जरा जास्त झाला आणि विमान अर्धा मीटर जरी वर चढायला लागलं तर रेट्रोग्रेड खाली जमिनीकडं जातो आणि एसएएस इमानदारीत विमान उलटं करतं. हेलिपॅडच्या दहा मीटर वर हे झालं की विषय संपला.

दुसरं, थ्रॉटल. उंचीकडं बघू नकोस. वर उंचीच्या आकड्याला लागून वर-खाली जाण्याच्या वेगाचा काटा असतो, तो बघ. जेट इंजिन बटण दाबल्यावर लगेच ऐकत नाही, तू दिलेला थ्रॉटल थोड्या वेळानं पोचतो, म्हणून काटा शून्यावर आला की थ्रॉटल कमी करायला गेलास तर विमान तोपर्यंत वर चाललेलं असतं, मग तू जास्त कमी करतोस, मग ते पडायला लागतं, हे वर-खाली वर-खाली वाढतच जातं. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा काठी कलल्यावर धावत नाही, कलायच्या आधीच पाय टाकतो, तसं. काटा शून्याकडं यायला लागला की तेव्हाच उलटा इशारा द्यायचा, आणि बारीक द्यायचा. शिफ्ट-कंट्रोल टिचकी मारल्यासारखं दाब, दाबून धरू नकोस. शेवटचे वीस मीटर सेकंदाला दोन मीटरनं आलास की बास.

तुझा लॅपटॉप हळू चालतोय त्याचा एक फायदा आहे बे. वरचं मिशनचं घड्याळ पिवळं झालं म्हणजे गेमचा वेळ खऱ्या वेळेपेक्षा हळू चाललाय. तुला विचार करायला जास्त वेळ मिळतो. चांगल्या पीसीवर तेच विमान जास्त अवघड जातं.

तिसरं, आडव्यात जाणं. ॲक्शन ग्रुप तीनच ठेव, १ वर जुनो चालू-बंद, २ वर पँथर चालू-बंद, ३ वर पँथरचा आफ्टरबर्नर. पण मेन थ्रॉटल दोघांना एकच असतो, पँथर चालू केला की तो पण लगेच तेवढ्याच टक्क्यांवर पळतो. १.१२ मध्ये इंजिनावर राइट क्लिक केलं की इंडिपेंडंट थ्रॉटल मिळतं, ते जुनोंवर लाव आणि एका ॲक्सिस ग्रुपला बांध. मग शिफ्ट-कंट्रोल पँथरचं आणि दुसरी बटणं जुनोंची, दोन हात दोन कामं.

मग नाक पाचेक अंश वर ठेवून पँथर वाढव. वेग येईल तसा पंख वजन उचलायला लागतो, आणि वर जाण्याच्या वेगाचा काटा आपोआप चढायला लागतो. तो चढायला लागला की जुनो थोडे कमी कर, परत चढला परत कमी. शेवटी जुनो शून्यावर आले आणि तरी काटा खाली गेला नाही म्हणजे पंखानं सगळं घेतलं, तेव्हा १ दाबून बंद. आकडा पाठ करायची गरज नाही, तुझ्या पंखाच्या साइझवर असतो तो. जुनो एकदम बंद करणाऱ्यांचीच विमानं समुद्रात असतात. आणि ह्या वेळात निळा गोळा पिवळ्याच्या किंचित मागं पाहिजे, जास्त मागं असला की वेग वाढताना नाक दाबतो आणि तुला परत वाटेल की जुनोंचा दोष आहे.

येताना हेच उलट, फक्त लवकर सुरू कर. हेलिपॅडपासून लांबच पँथर बंद करून जुनो गरम करून ठेव. आडवा वेग मारायला नाक वर करून ब्रेक मार, पण वर शेंगाचटणीनं २३ अंशाचं सांगितलंय ते लक्षात ठेव. पँथरच्या जागी व्हीसली लावलास तर रिव्हर्स मिळतो, ब्रेकला भारी, पण ते इंजिन दीड टनाचं आहे आणि वर यायला लय वेळ घेतं.

आणि हो, एफ५ (गेम सेव्ह) मारून ठेव प्रत्येक वेळी. आपल्याकडं लाइट कधी जाईल ते विमानाला माहीत नसतं.


ग्राफ_काढणारा :

एवढं सगळं हातानं करायची काय गरज आहे? थ्रॉटल कंट्रोल्ड एव्हिऑनिक्स नावाचं मॉड टाक, प्रत्येक इंजिनाचा थ्रस्ट ते स्वतः कमी-जास्त करून तोल धरतं, वर-खालीचा वेग सांगितला की तेवढाच ठेवतं. वजनाचा मध्य कुठंही असू दे.


शेंगाचटणी_आणि_डेल्टाव्ही :

कुठंही असू दे, असं नाही होत. मॉड मागचे जुनो कमी करूनच तोल धरणार ना? म्हणजे मी वर लिमिटरचा जो हिशोब दिला तोच, फक्त कॉम्प्युटर करतोय. १.०९ वाल्या विमानात मॉडनं मागचे जुनो कमी केले की ते खालीच येणार. डिझाइन नीट असलं तर मॉड मस्त आहे, मी पण वापरतो मोठ्या कार्गोला. पण तोल कुठं जातोय ते ते झाकून ठेवतं, आणि इंधन संपत आलं की अचानक उघडं पडतं. मॉड टाकायचंच असेल तर आधी आरसीएस बिल्ड एड टाक, हलकं आहे, हँगरमध्ये भरलेल्या टाकीचा आणि रिकाम्या टाकीचा मध्य दोन्ही एकदम दाखवतं, स्लायडर ओढत बसायला नको.


निवृत्त_फिटर :

ग्राफवाले, तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, नासानं पण तोलाचं काम इलेक्ट्रॉनिक्सवरच सोडलं होतं. चंद्रावर उतरायची प्रॅक्टिस पृथ्वीवर करायची म्हणून त्यांनी एक उडता सांगाडा बनवला होता. मधोमध एक जेट इंजिन सरळ उभं, ते वजनाचा ५/६ भाग उचलून धरायचं, म्हणजे पायलटला उरलेलं वजन चंद्रावरच्याइतकंच जाणवायचं. बाकीचं काम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या छोट्या रॉकेटांवर, तोल धरायची वेगळी आणि उचलायची वेगळी. ६ मे १९६८ ला नील आर्मस्ट्राँग ते उडवत असताना तोल धरणाऱ्या रॉकेटांचा दाब गेला. जेट चालूच होतं. तरी यंत्र कलंडायला लागलं आणि ते साधारण ६० मीटरवरून इजेक्ट झाले. वर उचलायला ताकद होती, सरळ ठेवायला नव्हती.

गेममध्ये मूनचं गुरुत्व १.६३ आहे, कर्बिनच्या (गेममधल्या पृथ्वीच्या) जवळजवळ एक षष्ठांश. म्हणजे हाच सांगाडा तुम्हाला जसाच्या तसा बनवता येईल. जुनोंचा लिमिटर असा लावा की ते वजनाचा ५/६ भाग उचलतील, आणि खालून एक छोटं रॉकेट इंजिन. मूनवर जायच्या आधी लँडरचा हात बसतो.

आणि आपलं विक्रम, २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ३ सप्टेंबरला त्यानं इंजिनं परत पेटवून ४० सेंटिमीटर वर उडी मारली आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला परत टेकलं. ते उभं उडणंच की.


जुळे_सोलापूर_पायलट :

अपडेट. एमके० च्या चार टाक्या केबिनला लावल्या, जुनो गोळ्याच्या दोन्ही बाजूला सारख्या अंतरावर. फेरी मारून आल्यावर पिचचा काटा मधोमध. मधोमध!! छतावर टेकलं, हेलिपॅडच्या गोलाच्या जरा बाहेर पण छतावर. एका चाकाखाली कठडा आहे, पॅसेंजर उतरले नाहीत अजून.

आता लेथवर (गेममधल्या दुसऱ्या एका चंद्रावर) न्यायचंय. तिथं ऑक्सिजन आहे म्हणजे जेट चालतात, आणि गुरुत्व कर्बिनच्या ०.८, म्हणजे तिथं अजून सोपं जाणार ना?


शेंगाचटणी_आणि_डेल्टाव्ही :

अभिनंदन. आणि नाही, अवघड जाणार. गुरुत्व ०.८ आहे खरं, पण लेथवर समुद्रसपाटीला हवेचा दाब कर्बिनच्या ०.६ आहे. हवा पातळ झाली की जुनोचा थ्रस्ट पण पडतो, आणि तो वजनापेक्षा जास्त पडतो. आत्ता तुझा टीडब्ल्यूआर १.२५ असला तर लेथवर जेमतेम एकच्या आसपास, कदाचित खालीच. अजून दोन जुनो लाव, मधोमध, आणि १.६ पर्यंत ने.

जायच्या आधी इथंच तपास. कर्बिनवर साधारण ३,३०० मीटरवर दाब लेथइतका असतो. तिथं जाऊन पँथर बंद, आडवा वेग संपव आणि जुनो फुल. इथं गुरुत्व जास्त आहे म्हणून खाली आलास तर लगेच घाबरू नकोस, खाली जाण्याचा वेग दर सेकंदाला २ मीटरपेक्षा कमी वाढत असेल तर लेथवर ते तरंगेल, कारण दोन्हीकडच्या गुरुत्वातला फरकच तेवढा आहे. जास्त वाढत असेल तर घरी परत. लेथवर सगळीकडं समुद्र आहे, बेटं थोडी आणि तीही उताराची, तिथं रनवे शोधत बसण्यापेक्षा व्हीटीओएल नेणं हे डोक्यानं केलेलं काम आहे, फक्त एमके० च्या टाक्या तिथं पोचल्यावर भरायला ऑर्बिटमध्ये टँकर ठेव.


कडक_भाकरी :

आणि पॅसेंजर आधी छतावरनं उतरव की बे.